यर्दनाचं वळण

शेख बहरामनी उजवा पाय पाण्यात घातला आणि लगेच मागं घेतला.

"इथं नाही होणार," ते म्हणाले.

त्यांच्या पांढऱ्या पोशाखाच्या काठाला तपकिरी रेघ उमटली होती. त्या रेघेकडं नजिहानं पाहिलं आणि तिच्या कपाळाची शीर तटतटली. तो पोशाख तिनंच शिवलेला होता. काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांचेच पोशाख तिनं शिवले होते. खुर्चीत बसलेल्या आईचा, स्वीडनहून आलेल्या भावाचा, उम्म-सिद्र गावात उरलेल्या, वाहत्या पाण्यातलं स्नान हाच धर्म मानणाऱ्या दोन-चार मंदाई घरांतल्या माणसांचा. स्वतःचाही. आठवडाभर मशिनीवर वाकून तिची मान आखडली होती. आज रविवार, स्नानाचा वार. शेख, म्हणजे मंदाईंचे पुरोहित, पहाटेच अमारा शहरातून गाडी करून आले होते. काठावर पांढऱ्या रेशमाचा झेंडा रोवला होता, डोक्यावरच्या कड्यांसाठी आस या सुवासिक झुडपाच्या हिरव्या डहाळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. आणि हाकेच्या अंतरावर, वरच्या अंगाला, अबू मुंतझरच्या बागेतल्या हॉटेलच्या भिंतीखालून बाहेर आलेला जाड नळ नदीत भडाभडा ओकत होता.

काल शनिवार, इथल्या सुट्टीचा वार. हॉटेलात रात्रभर बायकापोरांसह गर्दी होती. निखाऱ्यावरचे मासे खाल्ले गेले होते, चहाचे ग्लासावर ग्लास रिचवले गेले होते. त्या सगळ्याचं पुढं जे होतं ते आता वळणावर येऊन, काठाकाठानं, यांच्या पायांशी तरंगत होतं.

"शेख, जरा पलीकडं सरकून बघू या का?" सलवान म्हणाला. नजिहाचा हा धाकटा भाऊ. स्वीडनला जाऊन त्याला वीस वर्षं होत आली होती. बोलताना तो नाकासमोर हात हलवत होता, वास हातानं परतवता येतो असं समजून.

"पलीकडं काय वेगळं आहे? खालच्या अंगाला हेच वाहत जाणार. वरच्या अंगाला दगडी बांध आहे. तिथं खुर्चीतल्या उम्म सलवानना कसं उतरवणार?" शेख वयानं नजिहापेक्षा लहान होते, पण बोलणं जुन्या माणसासारखं संथ. "माझं ऐका. आपण अमाराला जाऊ. मंदिरात हौद बांधलाय. कालव्याचं पाणी एका बाजूनं येतं, दुसऱ्या बाजूनं जातं. वाहतं पाणी म्हणजे यर्दना. मग ते कुठलं का असेना."

"तेच तर," सलवान आईकडं वळून म्हणाला. "यम्मा, तिकडं स्वीडनमध्ये आम्ही काय करतो? उन्हाळ्यात ओढा, थंडीत टाकी. मोटरनं पाणी फिरवतात, गरम करून. त्यालाही यर्दनाच म्हणतात. नाव तेच, पुण्य तेच."

खुर्चीतल्या म्हातारीनं मान वर केली नाही. "हौद," ती म्हणाली. एवढंच. पण तो शब्द तिनं असा टाकला, की सलवान पुढचं बोलायचं विसरला.

म्हातारीला सगळा गाव उम्म सलवान म्हणून ओळखायचा. सलवानची आई. मुलगा झाला त्या दिवसापासून तिचं हे नाव, आणि मुलगा देश सोडून गेल्यावरही तेच. मधल्या वीस वर्षांत तिला उठवणं-बसवणं, तिचं डोकं विंचरणं, ती आजारी पडली की डॉक्टरच्या दारात ताटकळणं, हे सगळं नजिहानं केलं. पण कुणी तिला उम्म सलवान म्हणून हाक मारली की नजिहा अजूनही हातातला दोरा दातानं तोडायची. लग्न तिचं झालं नाही. मंदाई मुलीनं मंदाई मुलाशीच लग्न करायचं, आणि मुलगे तर एकेक करून विमानात बसले. गावात कधीकाळी यांची अख्खी गल्ली होती. चांदीकाम करणारे, लोहार, होड्या बांधणारे. नजिहाचे वडील याच वळणावर होड्या बांधायचे. ते गेले, गल्ली गेली. घरात राहिली ती शाळेचे गणवेश शिवणारी नजिहा आणि तिची आई.

आणि आता आईही निघाली होती. सलवान तिला न्यायलाच आला होता. कागद झाले होते. आईला परवानगी मिळाली होती. पन्नाशी उलटलेल्या बहिणीला मिळत नाही, असा तिकडचा कायदा. "तुझंही बघतो मी," सलवान म्हणाला होता. हे तो गेली दहा वर्षं म्हणत होता.

आईनं जायला होकार दिला तो एकाच भीतीनं. मंदाई माणसाचा जीव जाण्याआधी त्याला नदीच्या पाण्यानं अंघोळ घालावी लागते, पांढरा पोशाख चढवावा लागतो, उत्तरेकडं तोंड करून निजवावं लागतं, आणि वर शेख लागतात. हे नाही झालं तर आत्मा वाटेतच अडकतो. गावात शेख नव्हते. अमाराचा रस्ता कधी बंद होईल याचा नेम नव्हता. स्वीडनमध्ये शेख होते, चार माणसं होती. म्हणून म्हातारी हो म्हणाली. पण एक अट घातली. जायच्या आधी एकदा आपल्या वळणावर स्नान.

"शेख," म्हातारी म्हणाली, "या वळणावर नदी सरळ उत्तरेकडून येते. उत्तरेकडं तोंड केलं की पाणी छातीवर येतं. माझ्या आईनं मला इथंच बुडवलं. मी हिला इथंच बुडवलं. हौदात पाणी कुठून येतं? नळातून. नळाला दिशा असते का?"

शेखनी पाण्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "उम्म सलवान, तुमचं खरं आहे. पण घाणीत नाव घेता येत नाही. ही घाण थांबली, पाणी पुढं वाहून गेलं, तर मी उतरेन. दुपारपर्यंत थांबतो. त्यापुढं नाही."

सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग सगळे नळाकडं बघायला लागले, जणू नळ आपणहून समजून घेईल. नजिहानं कमरेला बांधलेल्या पिशवीत डहाळ्या कापायची मोठी कात्री ठेवली आणि चालायला लागली.

"कुठं निघालीस?" सलवान म्हणाला.

"नळाच्या धन्याकडं."

"भांडू नकोस हं. आपण चार दिवसांचे पाहुणे."

नजिहा थांबली. "तू पाहुणा," ती म्हणाली. "मी नाही."

अबू मुंतझर हॉटेलच्या दारात खुर्ची टाकून जपमाळ फिरवत बसला होता. तिला पाहून तो उठला. तो नेहमीच उठायचा, तेवढी रीत त्याच्याकडं होती. नजिहाचं दुकान त्याच्याच चाळीत होतं, हॉटेलातले पडदे आणि मेजांवरच्या चादरी तिनंच शिवलेल्या होत्या.

"ये खाला, बस. चहा सांगतो. आज अगदी नवरीसारखी पांढरीशुभ्र."

"मोटर बंद कर, अबू मुंतझर."

"कुठली मोटर?"

"मागची. खड्ड्यातली घाण नदीत सोडतोस ती."

अबू मुंतझरनं दोन मणी सरकवले. "गावात गटार आहे का, खाला? टँकरवाल्याला महिनाभर सांगतोय, येतच नाही. खड्डा तुंबला तर माझी गिऱ्हाइकं कुठं जातील? आज सुट्टीचा दिवस नसला तरी दुपारी यात्रेकरूंच्या दोन बसगाड्या येणार आहेत. शंभर माणसांचं जेवण."

"दुपारनंतर सोड. आम्हाला दोन तास हवेत. आईचं शेवटचं स्नान आहे."

"अल्ला तिला आयुष्य देवो. पण मला एक सांग, तुम्ही मंदाई, सुब्बी लोक तर सगळ्याच नद्यांना एकच नाव देता ना? काय ते, यर्दना. इथली दिजला यर्दना, बसऱ्याची शत्त नदी यर्दना, कालवासुद्धा यर्दना. मग याच वळणाचा हट्ट कशाला? अर्धा कोस खाली जा. यर्दना तिथंही असेल."

हे तो हसत म्हणाला, चिडवल्यासारखं, आणि त्यात फारसं विष नव्हतं. पण नजिहाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तासाभरात तिसऱ्या माणसानं तिला हेच ऐकवलं होतं. शेखनी समजूत काढायला ऐकवलं, भावानं स्वतःच्या सोयीसाठी, आणि आता यानं तिला हाकलायला.

लहानपणी शाळेत नकाशा भरायला दिला होता. देशाच्या मधून जाणाऱ्या निळ्या रेघेवर बाकीच्या मुलींनी 'दिजला' लिहिलं. नजिहानं लिहिलं 'यर्दना', कारण घरी तेच म्हणत. बाईंनी तो नकाशा वर्गापुढं धरला. "यर्दना म्हणजे जॉर्डन. ती दुसऱ्या देशात आहे. या मुलीच्या घरापाशी दुसऱ्या देशातली नदी वाहते." वर्ग हसून हसून लोळला. पुढं कित्येक महिने पोरी तिला विचारायच्या, काय गं, तुझी नदी कुठल्या देशात पोचली? घरी येऊन ती रडली, तेव्हा वडील होडीच्या फळीवर रंधा मारता मारता म्हणाले, "नकाशावरचं नाव राज्य करणारे ठेवतात. नाव बदललं तर नकाशा नवा छापतात. आपलं नाव पाण्याला आहे, कागदाला नाही." तेव्हा तिला त्या बोलण्यानं बरं वाटलं होतं. आता वाटलं, चुकलंच आपलं. नाव सगळ्या पाण्यांना वाटून टाकलं, आणि हक्काचं एकही राहिलं नाही.

"अबू मुंतझर," ती म्हणाली, "तुझ्या घरात खोल्या किती?"

"का?"

"सगळ्यांना घरच म्हणतोस ना? मग मी एकीत घाण टाकते. तू दुसरीत जाऊन नमाज पढ."

त्याचं हसू मावळलं. जपमाळ मुठीत गेली. "खाला, मी तुझा मान ठेवतो. तूही तोंड सांभाळ. चार घरांसाठी मी धंदा बंद ठेवू? तुमची माणसं ही नदी सोडून गेली. मागं वळून पाहिलं नाही कुणी. आम्ही इथंच जन्मलो, इथंच मरणार."

नजिहानं पोशाखाचा काठ उचलला. ती त्याच्या शेजारून आत गेली. मेजांमधून, तिनं शिवलेल्या चादरींमधून, थेट स्वयंपाकघरात. तिथं जमीला नावाची स्वयंपाकीण कांदे चिरत होती.

"मोटर कुठं आहे?"

जमीलानं सुरीनंच मागचं दार दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कांद्याचं.

मागं उघडी जागा होती, कंबरभर उंचीच्या भिंतीनं वेढलेली. एका ठिकाणी विटा ढासळून खिंडार पडलं होतं आणि त्यातून वळण दिसत होतं. मध्ये खड्डा, खड्ड्याच्या काठावर पत्र्याच्या झाकणाखाली घरघरणारी मोटर. मोटरची वायर भिंतीवरच्या प्लगच्या खोक्यात शिरली होती. नजिहानं आधी प्लग उपटला. घरघर थांबली. मग तिनं पिशवीतून कात्री काढली, वायर ताणून धरली आणि दोन ठिकाणी कापली. मधला तुकडा खड्ड्यात फेकून दिला. आणि पांढऱ्या पोशाखासकट मोटरच्या झाकणावर बसली.

झाकण बरबटलेलं होतं. बसल्या बसल्या ओल आत आली. ज्या पोशाखाला स्नानाआधी धूळ लागू नये म्हणून ती सकाळपासून दोन्ही हातांनी काठ उचलून चालत होती, तो पोशाख एका क्षणात संपला.

"सलवान," तिनं खिंडारातून हाक मारली. "नळ थांबला. शेखना सांग, पाणी वाहून जाऊ दे आणि सुरू करा."

"तू ये."

"मी इथं आहे. तुम्ही सुरू करा."

अबू मुंतझर दोन वेटरांना घेऊन आला. वेटरांच्या अंगात तिनंच शिवलेली जाकिटं होती. तिला पाहून ते मागं सरकले.

"ऊठ, खाला."

"नाही."

"माझी वायर कापलीस तू. पोलीस बोलावू?"

"बोलाव. येताना त्यांना हे सगळं दाखवत आण."

"आमच्यात बाईच्या अंगाला हात लावत नाहीत, म्हणून बसलीस ना?"

"आमच्यात कुणावरच हात उचलत नाहीत," नजिहा म्हणाली. "आयुष्यभर नाही उचलला. त्याचं काय फळ मिळालं ते बघतेच आहे. आज उचलणार नाही, पण उठणारही नाही."

अबू मुंतझर तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं वेटरला खुर्ची आणायला सांगितली, आणि तिच्यासमोर, खड्ड्याच्या पलीकडं बसला. वेटरनं चहा आणला. एक घोट घेऊन त्यानं ग्लास खाली ठेवला. त्या वासात त्याच्या घशाखाली चहा उतरेना. आपल्याच हॉटेलच्या मागच्या बाजूला तो बहुधा पहिल्यांदाच बसला होता.

"महिनाअखेरीला दुकान रिकामं कर," तो म्हणाला.

"बरं."

"मशीन ठेवायला जागा मिळणार नाही तुला बाजारात. मी सांगून ठेवेन."

"सांग."

"कशासाठी एवढं? परवा आई जाणार तुझी. तूही जाशील आज ना उद्या. नदीचं काय घेऊन बसलीस? नदी राहणाऱ्याची असते."

"राहणाऱ्याची ना?" नजिहा म्हणाली. "मग मी राहिले आहे. वीस वर्षं माझी माणसं जात होती तेव्हा मी राहिले. गणवेश तुमच्या पोरांचे शिवले, चादरी तुझ्या शिवल्या, सणाला तुमच्या घरी गोड घेऊन आले. तेव्हा नव्हतास म्हणत की नदी राहणाऱ्याची. दोन तास मागायला आले तर मला अर्धा कोस खाली पाठवतोस. आणि तिथं गेले तर? तिथला माणूस आणखी अर्धा कोस पाठवील. जाऊन जाऊन मी समुद्रात जाऊ?"

तिचा आवाज चढला नव्हता. पण कात्री तिनं घट्ट धरून ठेवली होती. अबू मुंतझरनं जपमाळ पुन्हा मुठीतून सोडली. तो मणी मोजायला लागला.

पलीकडून शेखच्या आवाजातली जुनी प्रार्थना ऐकू यायला लागली.

नजिहाला खिंडारातून फक्त वळणाचा एक तुकडा दिसत होता. पाणी आता गढूळ पण रोजच्यासारखं होतं, मातकट हिरवं. शेख काठी रोवून कमरेइतक्या पाण्यात उभे होते. दोघांनी म्हातारीला धरून उतरवलं. पाणी गुडघ्यांशी आलं, कमरेशी आलं. तिनं दोघांचे हात सोडवले आणि आपणहून उत्तरेकडं तोंड केलं. पांढरा पोशाख फुगून तिच्याभोवती पसरला. एवढीशी म्हातारी एकदम मोठी दिसायला लागली. मग ती पाण्याखाली गेली, आणि नजिहानं श्वास रोखून धरला. वर आली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा शेखनी तिच्या कपाळाला पाणी लावलं आणि तिचं नाव घेतलं. उम्म सलवान नव्हे. धर्मातलं नाव, जे स्वतःच्या आईच्या नावानं चालतं. "शरत, अनहरची मुलगी." वाऱ्याबरोबर ते स्पष्ट भिंतीपर्यंत आलं.

त्या नदीत उतरलं की कुणीच कुणाच्या मुलाची आई नसते, कुणाची बहीण नसते. फक्त आपल्या आईची मुलगी असते. नजिहाचंही तिथं एक नाव होतं. सिमत, शरतची मुलगी. ते गावात कुणाला माहीत नव्हतं. ते फक्त पाण्यात घेतलं जायचं.

म्हातारीला बाहेर काढून काठावर बसवलं. सलवानचं स्नान झालं, बाकीच्यांचं झालं. मग सलवान ओल्या पोशाखात, डोक्यावर आसचं कडं घालून खिंडारापाशी आला.

"चल. शेख थांबलेत. तुझीच पाळी राहिली."

नजिहानं समोर पाहिलं. अबू मुंतझर खुर्चीत टेकून बसला होता. वेटर नवी वायर घेऊन दारात उभा होता, ती तिनं आत्ता पाहिली.

"जा की, खाला," अबू मुंतझर म्हणाला. "मी आहे इथं. मोटरकडं बघतो."

"तू इथं बस, सलवान," नजिहा म्हणाली. "मी जाऊन येते. फार वेळ नाही लागणार."

सलवाननं खड्ड्याकडं पाहिलं, झाकणाकडं पाहिलं. "मी कसा बसू? मी पाण्यातून आलोय. स्नानानंतरची प्रार्थनेची भाकर अजून खायची आहे. विधी पुरा होईपर्यंत घाणीला शिवायचं नाही, तुला माहीत नाही का?"

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही." नजिहा हसली, पण त्या हसण्यानं सलवान एक पाऊल मागं गेला. "तू लहानपणापासून स्वच्छच राहिलास. युद्ध झालं तेव्हा तू स्वच्छ. बाबांची सहा महिने हागणी-मुतणी काढली तेव्हा तू स्वच्छ. गल्लीतल्या शेवटच्या प्रेताला पोशाख चढवायला माणूस मिळेना, तेव्हाही तू तिकडं बर्फात स्वच्छ. आजही तुला शिवायला नको. जा. भाकर खा तुझी. शेखना सांग, नजिहा येत नाही."

"तुझं असंच असतं. नेहमी राग." सलवानचा आवाज चिरकला.

"हो," ती म्हणाली. "तेवढं एक माझ्यापाशी ठेवून गेलात तुम्ही सगळे."

तो गेला. शेखनी थोडा वेळ वाट पाहिली असावी, कारण प्रार्थना थांबली होती. मग ती पुन्हा सुरू झाली, भाकरीची आणि पाण्याची. नजिहा शेवटपर्यंत बसून राहिली. झेंडा उतरवून गुंडाळला गेल्याचं दिसलं तेव्हाच ती उठली. पाय बधिर झाले होते. मोटरवरून खाली उतरताना ती तोल जाऊन पडली असती, पण अबू मुंतझरनं हात पुढं केला. ती त्याच्या हाताकडं बघून भिंतीला धरून उभी राहिली.

"झालं तुमचं?" तो म्हणाला.

"त्यांचं झालं."

भिंत धरत धरत ती स्वयंपाकघरात पोचली, तोवर मागं वेटरनं नवी वायर जोडून मोटर सुरू केली होती. जमीलानं साबणाचा तुकडा पुढं केला, नळ सोडला आणि नजिहाचे हात धुवून होईपर्यंत दाराकडं पाठ करून उभी राहिली, कुणी येऊ नये म्हणून.

दुपारी घरी आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिचे पांढरे केस मोकळे होते, त्यांना नदीचा वास होता. नजिहा कंगवा घेऊन मागं बसली. सलवान बाहेर फोनवर कुणाला तरी विमानाची वेळ सांगत होता.

"तू आली नाहीस," आई म्हणाली.

"कुणीतरी बाहेर राहावंच लागतं, यम्मा."

"शेखनी तुझं नाव घेतलं नाही."

"नाही."

"मी घेतलं. पाण्याखाली असताना. तोंडात पाणी गेलं माझ्या."

नजिहाचा कंगवा थांबला. इतका वेळ आवरून धरलेलं होतं, ते आता आईच्या पाठीवर फुटलं. "मग जातेस कशाला?" ती म्हणाली. "तुला मरताना चार माणसं हवीत, शेख हवेत, पोशाख चढवायला हात हवेत. बरोबर आहे. तुझं बरोबरच आहे. आणि मला? माझ्या वेळी कोण, यम्मा? तू विचार केलास का कधी? मी सगळ्यांना पोशाख घालून पाठवलं. मला कोण घालणार?"

म्हातारीनं तोंड वळवलं नाही. तिचे खांदे थोडे खाली आले, एवढंच. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. नजिहानं पुन्हा विंचरायला घेतलं. गुंता निघाल्यावर तिनं घट्ट वेणी घातली, प्रवासात सुटू नये अशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. सलवाननं आणलेला जाड कोट आईला फार मोठा होत होता. गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून उजवा हात बाहेर काढला. नजिहानं तो हातात घेतला आणि कोटाची लांब बाही मनगटापर्यंत दुमडून दिली. सलवान म्हणाला, "तुझं बघतो मी," आणि ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

महिनाअखेरीपर्यंत थांबायची तिला गरज वाटली नाही. त्याच आठवड्यात तिनं हातगाडीवाला बोलावून दुकानातलं मशीन घरी आणलं आणि आई ज्या खिडकीशी बसायची तिथं ठेवलं. बाजारात कुणी तिला जागा दिली नाही, पण शाळा उघडायच्या सुमाराला बायका आपल्या पोरांना घेऊन घरीच यायला लागल्या. पहिली आली जमीला. मागच्या दारानं, नात कडेवर घेऊन. नजिहानं पोरीची मापं घेतली आणि निळ्या कापडाचा भाव सांगितला.

शुक्रवारी आईचा फोन आला. तिकडची नदी खूप थंड आहे, ती म्हणाली. नाव काहीतरी अवघड आहे, जिभेवर बसत नाही.

त्या दुपारी गणवेशाचं काम बाजूला ठेवून नजिहानं पांढरं सुती कापड काढलं. मरणाच्या वेळचा पोशाख तिनं गावात गेलेल्या प्रत्येक मंदाई माणसासाठी शिवला होता. माणूस पडून असतो आणि बांधणारे हात दुसऱ्याचे असतात, म्हणून त्याचे बंद पाठीशी, दुसऱ्याच्या हाताला सोयीचे पडतील असे लावतात. हे काम तिला डोळे मिटून येत होतं. तिनं स्वतःची मापं स्वतःच घेतली, कापड कापलं, बाजूच्या शिवणी घातल्या. संध्याकाळच्या उजेडात तो पोशाख आपल्या अंगाला लावून, पडल्या पडल्या आपला उजवा हात कुठवर पोचतो ते तिनं पाहिलं. तिथं खडूनं खूण केली आणि सगळे बंद पुढच्या बाजूला शिवले.